नीलासाठी सोडलेली जागा

रश्मीचा आवाज लहानपणापासून जाड. दौंडच्या रेल्वे कॉलनीत साहेबराव पॉइंट्समनचं क्वार्टर होतं, आणि ही त्यांची धाकटी. दारातून "आबा" म्हणून हाक मारली की यार्डातली चार माणसं मान वर करायची. तिची आई भागुबाई म्हणायची, पोटात असताना पोरीनं मालगाडीच्या शिट्ट्याच ऐकल्यात, दुसरं काय घेऊन येणार. शाळेत पोरं तिला बाप्या म्हणून चिडवायची, आणि चौदा एप्रिलला ती स्टेजवर गायला उभी राहिली की तीच पोरं पुढच्या रांगेसाठी भांडायची. माणसाची जातच अशी. ज्याला नावं ठेवायची त्याच्याच पुढं टाळ्या वाजवायच्या.

हा आवाज नवनाथ केबलवाल्यानं हेरला. बाजारपेठेत एका गच्चीवरच्या खोलीत त्याचं सगळं दुकान होतं, आणि मोठ्या चॅनलांच्या जोडीला त्याचा स्वतःचा एक चॅनल चालायचा. सकाळी अभंग, दुपारी पिक्चर, मधे मधे गावातल्या दुकानांच्या जाहिराती. "बस्ता बांधायचा तर आमच्याकडंच" हे जे निम्म्या दौंडला पाठ होतं, ते रश्मीनं म्हटलेलं होतं. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबलं होतं, नोकरी लागत नव्हती, आणि ही गच्चीवरची खोली तेवढी तिची होती.

दोन हजार तीनची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर नवनाथ पुण्याहून सीडींचं एक पुडकं घेऊन आला. परदेशी कार्टून, बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. दोन पोरी आणि त्यांची एक उडणारी होडी. ढगांतून ही होडी हाकत त्या गावोगावी लोकांचं सामान पोचवतात, आणि प्रत्येक गावात काहीतरी भानगड होते. हिंदी कार्टून तोवर घरोघरी लागत होती, पण आपल्या बोलीत बोलणारं कार्टून दौंडात कुणी पाहिलं नव्हतं. नवनाथ म्हणाला, आपण मराठी आवाज घालू. लाल केसांच्या पोरीचं नाव लाली ठेवलं, काळ्या केसांच्या पोरीचं नीला. लाली दांडगी, म्हणून ती रश्मीला दिली.

इंग्रजी वाचायला माणूस पाहिजे होतं. म्हणून मोनाली आली. पाटसच्या मारुतरावांची मुलगी, दौंडच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती, एस.टी.नं यायची-जायची. मारुतराव ऊसवाले, कारखान्याच्या राजकारणात ऊठबस असलेले. नवनाथची त्यांच्याशी ओळख होती, म्हणून घरून परवानगी मिळाली. ती आली वाचायला, आणि पहिल्याच दिवशी नवनाथनं तिलाच नीला करून टाकलं. आवाज बारीक, स्वच्छ, जरा घाबरट. नीला तशीच होती.

आता हे काम कसं चालायचं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढं सगळं त्याच्यावरच गेलं. खिडक्यांना गाद्या लावलेल्या, भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, मे महिन्यात पंखा बंद. माईक एकच. दोघी एकदम बोलल्या की रश्मीच्या आवाजापुढं मोनालीचा आवाज बुडून जायचा. मग नवनाथनं पद्धत पाडली, आधी रश्मीनं लालीचं सगळं बोलायचं आणि नीलाच्या वाक्यांना रिकामी जागा सोडायची, नंतर मोनालीनं बसून त्या जागा भरायच्या. रश्मी बोलत असताना मोनाली समोर बसायची आणि नीलाची वाक्यं नुसती ओठांनी म्हणायची, आवाज न करता. म्हणजे रश्मीला कळायचं, किती थांबायचं ते. मधेच रश्मी हात वर करायची. "थांबा, मालगाडी निघायची हाय." आणि खरंच खाली इंजिन भोंगा द्यायचं. साहेबरावांच्या पोरीला गाड्यांचं वेगळं सांगावं लागत नव्हतं.

बघा, तासन् तास एखाद्याच्या ओठांकडं बघून बोलायचं म्हटल्यावर काय होणार? जे व्हायचं तेच झालं. आमच्याकडं त्याला शब्द नव्हता, आणि जो होता तो शिवीच्या लायकीचा. रश्मीला एवढंच कळत होतं की पाटसची एस.टी. उशिरा आली की तिला भाकर गोड लागत नाही. आणि मोनालीला काय कळत होतं? ती घामानं भिजलेल्या रश्मीला आपल्या ओढणीनं वारा घालायची. निघताना जिन्यात तिचा हात धरायची, आणि खालच्या पायरीपर्यंत सोडायची नाही. हे काही मी मनाचं सांगत नाही.

एक दिवस इंग्रजी वाचता वाचता मोनाली थांबली.

"काय लिहिलंय?" रश्मीनं विचारलं.

"लालीचं नीलावर प्रेम हाय, असं लिहिलंय."

"म्हंजी मैत्रीण म्हणून?"

मोनालीनं सीडी मागं नेली, पुन्हा वाचलं. "न्हाई," ती म्हणाली. "तसं न्हाई. नवरा-बायकोचं असतं तसं."

 रश्मी पडद्याकडं बघत राहिली. लाल केसांची ती पोरगी होडीच्या टोकाला बसलेली, आणि काळ्या केसांची तिच्या खांद्यावर डोकं टेकून. हे चित्र तिनं आधीही पाहिलं होतं. पण कुणीतरी लांबच्या मुलखात बसून हे काढलंय, रंगवलंय, पोरांना दाखवायला टी.व्ही.वर लावलंय, हे तिच्या ध्यानात आत्ता आलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं घाम पुसल्यासारखं केलं.

नवनाथनं कपाळाला हात लावला. "ह्या दोघी बहिणी करून टाका," तो म्हणाला. "हिंदीवाले मोठमोठे चॅनल हेच करत्यात. लाली थोरली, नीला धाकटी. ताई म्हण म्हणावं तिला, मिटलं."

"ताई म्हणायचं न्हाई," रश्मी म्हणाली.

"का?"

"त्या ताई न्हाईत म्हणून. ताई म्हणणार असशील तर दुसरी लाली बघ."

आपल्याकडं एकदा ताई म्हटलं की संपलं, हे नवनाथलाही ठाऊक होतं. पोरगा एखाद्या पोरीमागं लागला तर घरचे तिच्याकडून त्याला राखी बांधून घेतात, आणि पुढं दोघांनी जन्मभर माना खाली घालून फिरायचं. ताई हा शब्द नुसता मानाचा नाही, दाराला लावायची कडी आहे. पण तोवर पाच-सहा भाग लागून गेले होते, आणि सकाळी कॉलनीपासून बाजारपेठेपर्यंत पोरं टी.व्ही.पुढून हलत नव्हती. दुसरी लाली कुठून आणणार? नवनाथनं हार मानली. ताई नाही, बाई नाही, दोघी एकमेकींना नावानं हाक मारतील, आणि बघणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं. रश्मीची अट एवढीच होती.

त्या दिवशी जिन्यात मोनालीनं तिचा हात नेहमीपेक्षा घट्ट धरला. "शेवटच्या भागात काय हाय माहितीये?" ती म्हणाली. "लाली विचारती, जन्मभर माझ्यासंगं राहशील का. आन् नीला म्हणती, राहीन."

"मग?"

"मग काय. आपण तसंच बोलायचं. एक शब्द बदलायचा न्हाई." आणि पुढं म्हणाली, "माझं बी.ए. झालं की पुण्याला जाऊ. तिथं आवाजाची कामं मिळत्यात. खोली घेऊ दोघीत. पोरी पोरी राहिल्या तर कोण विचारतंय."

रश्मीनं हे वाक्य जपून ठेवलं. नोकरी, पगार, लग्नाच्या गोष्टी, आईची काळजी, या सगळ्यांच्या वर तिनं ते ठेवलं. पाटसच्या मराठ्यांची पोरगी आणि रेल्वे कॉलनीतल्या बौद्धांची पोरगी एका खोलीत राहणार, यावर तिनं विश्वास ठेवला. तुम्ही म्हणाल, येडी. मी नाही म्हणणार. ज्याच्या ओठांकडं बघून माणूस श्वास घेतं, त्याच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

शेवटच्या भागाच्या दिवशी मोनाली गळ्याला रुमाल गुंडाळून आली. घसा बसलाय, म्हणाली, बोलवत नाही, ओठांनी तेवढं म्हणते. तू तुझं करून ठेव, मी उद्या येऊन माझं भरते. रश्मीनं तिला हळद घालून गरम दूध आणून दिलं, आणि माईकपुढं बसली.

त्या भागात होडी मोडते. पुन्हा उडेल की नाही कळत नाही, आणि तेव्हा लाली विचारते. रश्मीनं विचारलं, "नीला, होडी राहू दे. घर राहू दे. जन्मभर माझ्यासंगं राहशील का?" नवनाथ सांगायचा, इतका चांगला आवाज तिनं परत कधी लावला नाही. मग ती थांबली. समोर मोनालीचे ओठ हलले. 'राहीन' म्हणायला लागतो तेवढा वेळ, आणि वर थोडा, कारण चित्रात नीला लगेच बोलत नाही, आधी रडते. रश्मीनं सगळी जागा सोडली. हात राखून नाही सोडली.

रविवारी सकाळी तो भाग लागला. साहेबरावांच्या क्वार्टरमधे पाय ठेवायला जागा नव्हती, कारण लाली त्याच घरात राहते हे सगळ्या कॉलनीला माहीत. शेजारच्या सिंधूबाई चहाचा कप घेऊन पुढंच बसलेल्या. भागुबाई दाराला टेकून उभी. रश्मी पोरांच्या मागं भिंतीला पाठ लावून बसली होती. सगळ्यांदेखत बोललं जाणार होतं, आणि कुणाला काही कळणार नव्हतं, आणि तरी बोललं जाणार होतं. तिला तेवढंच पाहिजे होतं.

पडद्यावर होडी मोडली. लालीनं विचारलं. रश्मीचा स्वतःचा आवाज खोलीभर घुमला. नीला रडली.

आणि मग मोनालीचा आवाज आला. घसा काही बसलेला नव्हता. "राहीन की गं ताई," नीला म्हणाली. "सख्खी बहीण तू माझी. लग्न झालं तरी माझं माहेर तुझ्यापाशीच."

जागेत ते बरोबर बसलं. एका अक्षरानं कमी नाही, जास्त नाही.

सिंधूबाईंनी पदरानं डोळे पुसले. "किती गुणाच्या बहिणी गं," त्या म्हणाल्या. "आन् आमच्या दोघी, तोंड बघत न्हाईत एकमेकीचं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. भागुबाईनं वळून लेकीकडं पाहिलं, आणि काय दिसलं कोण जाणे, पण तिला पाणी आणून दिलं.

रश्मी तशीच उठून बाजारपेठेत गेली. जिना चढून नवनाथपुढं उभी राहिली. "माझी अट काय व्हती?"

नवनाथनं हातातली वायर खाली ठेवली. तो वाईट माणूस नव्हता. "मला काय बोलू नको," तो म्हणाला. "मी तसंच लावणार व्हतो. मीच तिला म्हटलं, अगं ताई कशाला म्हणती, रश्मी चिडंल. ती म्हणाली, रश्मीला मी सांगितलंय, तिला चालतंय." मग खाली बघत तो म्हणाला, "तिचं जमलंय ना शिरूरला. विश्वजीत म्हणून मुलगा हाय. त्याची आत्या इथं दौंडात असती, ती बघती रोज आपलं कार्टून. तुला न्हाई माहीत?"

नाही, तिला माहीत नव्हतं. घसा बसला त्याच्या आधीच सुपारी फुटली होती. दूध पिताना, ओठ हलवताना, मोनालीला सगळं माहीत होतं. समोर बसून ती 'राहीन' असं ओठांनी म्हणाली होती, आणि आत ताई तयार ठेवली होती. दुसऱ्या कुणी हे केलं असतं, नवनाथनं, मारुतरावांनी, त्या आत्यानं, तर रश्मी भांडली असती आणि रडून मोकळी झाली असती. पण केसानं गळा कापला तो हिनं, आणि जागा रश्मीनंच करून दिली होती. ती गोधड्यांमधे बसून राहिली. खाली मालगाडीचा भोंगा वाजला. तिनं हात वर केला नाही.

मोनाली पत्रिका घेऊन आली. आली हे खरं, तेवढा धीर तिला होता. भागुबाईच्या हातात पत्रिका दिली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, ताईला घेऊन यायचं बरं का." रश्मी तिच्या मागं पाण्याच्या टाकीपर्यंत गेली.

"आता घरात येऊन पण ताई?"

मोनाली रडत होती. "मी काय करणार व्हते, रश्मी? सासरच्यांत कुणीतरी बोललं, नवरीचा आवाज हाय त्यात, आन् त्या दोघी कशा काय वागत्यात. माझ्या वडलांच्या कानावर गेलं असतं तर तुझ्या घरापर्यंत आले असते. तुझ्या घरापर्यंत, कळतंय का? बहीण केलं तर निदान नातं तरी ऱ्हातंय."

"नातं व्हतं," रश्मी म्हणाली. "तू मला आधी सांगायचं व्हतंस. मी तोंड मिटून घेतलं असतं. मी विचारलंच नसतं. तू मला विचारू दिलंस."

 खरं सांगू का, मोनालीचं भय खोटं नव्हतं. पण भ्यालेल्या माणसानं सांगावं की मी भ्यालोय. समोरच्याला गाऊ देऊन मागून गाणं बदलू नये.

लग्न शिरूरला झालं. रश्मी गेली नाही. पुढं ती कुरकुंभला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली, शिफ्टची बस पकडून जायची, तोंडाला मास्क, बोलायचं कामच नाही. स्थळं आली, तिनं नाही म्हटलं. साहेबराव दोनदा चिडले आणि मग गप्प झाले. नवनाथनं पुन्हा कार्टून आणलं, तर ती म्हणाली, मी बोलायची नाही. रिक्षावरच्या भोंग्यासाठी मात्र बोलायची, जयंतीची मिरवणूक, रक्तदान शिबिर, पाणी येणार नाही, असलं सगळं. त्यात पुढून उत्तर यायचं नसतं.

पण नवनाथ दर मे महिन्यात लाली-नीला पुन्हा लावायचा. पोरं मोठी झाली, त्यांची धाकटी भावंडं बघायला लागली. दर वर्षी एकदा, कुठल्यातरी सकाळी, कॉलनीतल्या चार-पाच उघड्या दारांतून रश्मीचाच आवाज विचारायचा, आणि दर वर्षी तेच उत्तर यायचं. बाजारात बायका तिला लालीताई म्हणायला लागल्या.  शेवटचा भाग लागायच्या दिवशी ती मागून घेऊन डबल शिफ्ट करायची.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात ती पुण्याला जायला दौंड स्टेशनात उभी होती. फलाटावर मोनाली दिसली. अंगानं भरलेली, हातात पिशव्या, संगं पाचेक वर्षांची मुलगी. सुट्टीला ह्यांच्या आत्याकडं आले होते, म्हणाली.  मग मोनालीनं मुलीला पुढं केलं. "नमस्कार कर. ही रश्मीमावशी."

रश्मी खाली बसली, पोरीच्या उंचीला आली. "मावशी न्हाई म्हणायचं," ती म्हणाली. "आईच्या बहिणीला मावशी म्हणत्यात. मी तुझ्या आईची बहीण न्हाई. तू मला रश्मी म्हण."

पोरीनं नमस्काराला जोडलेले हात तसेच ठेवले. तिचे डोळे मोठे झाले. "तू लाली हायेस," ती म्हणाली. "आत्याआजीकडं लागती ती. आवाज तोच हाय."

"व्हय. मी लाली."

"मग नीला कोण हाय?"

रश्मीनं मान वर करून मोनालीकडं पाहिलं.  तो आवाज आपला होता, हे मोनालीनं पोटच्या पोरीलाही कधी सांगितलं नव्हतं. ती पिशव्या या हातातून त्या हातात घेत होती आणि रुळांकडं बघत होती. सांगायला अजून वेळ होता. रश्मीनं थोडी वाट पाहिली. जुनी सवय, जागा सोडायची.

मोनाली काही बोलली नाही.

"माहीत न्हाई, बाळा," रश्मी म्हणाली. "मी बोलले तवा तिथं कुणीच नव्हतं."